प्लग सरळ, प्लग उलटा

१४ जानेवारी २०२४, रविवार. भोगी. थंडी बेताची. सकाळी भोगीची भाजी आणि तीळ लावून बाजरीच्या भाकरी. खाली दाक्षायणीकडे ईश्वरप्पांचा छोटा टीव्ही दुरुस्तीला आला. चालू झाला, तरी तिने दिला नाही. त्यावरून बोलाचाली. दुपारी टीव्हीच्या मागोमाग मीही कसब्यात गेले. अक्षता त्यांच्याकडेच पाहिल्या. पाय दुखतात, पण चांगल्या कारणाने.

डायरीत मी एवढंच लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणायच्या, दिवस लिहावा, दिवसाबद्दल भाषण लिहू नये. ती सवय अजून सुटलेली नाही. पण दाक्षायणीसारखी बाई चार ओळींत मावत नाही, म्हणून तिच्यासाठी हे वेगळे कागद घेतले आहेत.

दाक्षायणीचं दुकान माझ्या घराच्या तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत आहे. बाळीवेशीत 'प्रभु टीव्ही' म्हटलं की रिक्षावाले बरोबर दाराशी आणून सोडतात. प्रभु म्हणजे तिचे वडील. माझे मिस्टर वकील होते. त्यांनी ती खोली प्रभूंना भाड्याने दिली तेव्हा दाक्षायणी टेबलाखाली बसून जुन्या ट्रान्सफॉर्मरची तांब्याची तार बाहुलीच्या केसांत माळत असायची. आता वडील नाहीत, तिचे स्वतःचे केस पिकायला लागलेत, आणि टेबलामागच्या उंच स्टुलावर ती बसते. अंगावर सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, कानामागे पेन्सिलीसारखा टेस्टर.

तिला नम्रपणा म्हणून माहीत नाही. गिऱ्हाईक दारात उभं असतानाच ती सांगते, "सोलापुरात टीव्ही उघडणारे लई आहेत. नीट मिटवून देणारी मी एकटी."

यात बढाई आहे, पण अर्थही आहे. टीव्हीचं चित्र आलं की इतर ठिकाणी काम संपतं. हिच्याकडे तिथून पुढे सुरू होतं. मागचं झाकण बसवायचं, सगळे स्क्रू घट्ट करायचे आणि मग माणसाचा हात जिथे जिथे लागू शकेल असा प्रत्येक धातूचा तुकडा तपासायचा: अँटेनाची दांडी, मागचे स्क्रू, कानात घालायच्या वायरीचं भोक. टीव्ही चालू ठेवून मीटरची एक वायर त्या तुकड्याला लावायची आणि दुसरी जमिनीत गेलेल्या अर्थिंगला. काटा हलता कामा नये. मग टीव्हीचा दोन पिनांचा प्लग काढायचा, उलटा करून परत बोर्डात घालायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"दोन पिनांचा प्लग म्हणजे काय," ती सांगते, "त्याला उजवं-डावं न्हाई. घरात तो कसा लावतील ते लावणाऱ्यालाबी ठाऊक नसतं. म्हणून सरळ बघायचा आणि उलटा पण बघायचा."

वडिलांनी हे तिच्या हाडीमाशी इतकं खिळवलं होतं की त्यापायी तिचं लग्न मोडता मोडता जमलं. मुलगी बघायला अक्कलकोटकडची मंडळी आली होती. आमच्याच माडीवर बसवली होती, कारण प्रभूंच्या घरी जागा नव्हती. पोहे झाले, नावगाव विचारून झालं. मुलाची आई रीतीप्रमाणे म्हणाली, "तुला काही विचारायचं असेल तर विचार." आम्हाला वाटलं, ती मान हलवून नाही म्हणेल. दाक्षायणीने मुलाकडे सरळ बघून विचारलं, "तुमच्या घरात अर्थिंग आहे का?"

प्रभूंनी कपाळावर हात मारला. मंडळी सुपारी तोंडात टाकून निघून गेली. मी माझ्या मनात ते स्थळ पुसून टाकलं. पण पुढच्याच आठवड्यात तो मुलगा, सिद्धलिंग त्याचं नाव, एकटाच एसटीने आला, दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "नव्हतं. करून घेतलं." मग बाकी काही विचारायचं राहिलंच नाही. सिद्धलिंग पुढे एसटीत कंडक्टर झाला आणि आजही कोणी संसाराची चौकशी केली तर म्हणतो, "आमच्यात करंट आहे, पण शॉक न्हाई."

आमच्या घराचं अर्थिंग तर तिने स्वतः उभं राहून करून घेतलं. मागच्या अंगणात तुळशीच्या पलीकडे खड्डा खणून कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी पुरली. ती जागा कोरडी पडू द्यायची नाही, म्हणून तिथे रोज तांब्याभर पाणी घालण्याचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी दुकान बंद करताना ती जिन्यातून हाक मारते, "मावशी, तुळशीला घातलं, अर्थिंगला घातलं का?" देवाधर्माच्या बायका मला कधी इतक्या चिकाटीने नेमाची आठवण करून देत नाहीत.

आता ईश्वरप्पांबद्दल. कसब्यात त्यांचं चार खोल्यांचं घर आहे. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. नंदीध्वज म्हणजे झाडाएवढ्या उंच काठ्या. कमरेला पट्टा बांधून एकेक जण तो भार तोलत चालतो. ईश्वरप्पांनी तरुणपणापासून तो मान सांभाळला. पांढरी बाराबंदी घालून ते काठी उचलायचे तेव्हा बघणाऱ्याचाच श्वास अडकायचा. गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीत ते न्हाणीघरात पडले, मांडीचं हाड मोडलं आणि तेव्हापासून आतल्या खोलीत लोखंडी खाटेवर आहेत. गेल्या वर्षी अक्षतेच्या दिवशी ते इस्पितळात होते. अक्षता म्हणजे यात्रेतलं देवाचं लग्न, त्यात मंगलाष्टकांसारखी सम्मती वाचतात. ते त्यांनी जन्मात पहिल्यांदा चुकवलं आणि त्याचं दुःख मांडीच्या दुखण्याहून मोठं निघालं. या वर्षी काहीही झालं तरी अक्षता डोळ्यांनी बघायच्या, हे त्यांनी दसऱ्यापासून घरात बजावून ठेवलं होतं.

खाटेशेजारी त्यांचा जुना, वरती मूठ असलेला छोटा टीव्ही होता. सेट-टॉप बॉक्सचं चित्र त्या जुन्या टीव्हीत घालणारी एक डबी दाक्षायणीनेच मागे बसवून दिली होती. त्यावर ते रोज सकाळी देवळातली आरती बघायचे. आणि नेमका शनिवारी रात्री टीव्ही बंद पडला.

रविवारी सकाळी भाकरी थापत असतानाच मला खालून आवाज ऐकू आला. ईश्वरप्पांची सून ईरम्मा तो टीव्ही लेकरासारखा काखेत घेऊन आली होती. घरातले पुरुष सगळे मिरवणुकीत. मी हात धुऊन खाली गेले. यात्रेच्या दिवशी दाक्षायणीचं दुकान बंद असतं, पण तिने शटर अर्धं उचललं होतं.

"मोबाईलवर दाखवा की काकांना," ती झाकणाचे स्क्रू काढत म्हणाली. ती ईश्वरप्पांना लहानपणापासून काका म्हणते.

"दाखवला. म्हणतात, यात नंदीध्वज कानकोरण्याएवढा दिसतो, नेऊन ठेव तिकडं."

"हॉलमधला मोठा टीव्ही?"

"भिंतीत बसवलाय त्यो. आणि मामांना हाच पायजे. म्हणतात, हा टीव्ही जिवंत हाय. देव येतो ह्यात."

"येतो की! मी दुरुस्त केलेला हाय," दाक्षायणी म्हणाली.

दोष फार मोठा नव्हता. आत एक सांधा सुटला होता. तिने कथलाचा डाग दिला, दुकानातल्या बॉक्सला जोडून टीव्ही लावला आणि पडद्यावर मिरवणूक झळकली. नंदीध्वज रस्त्यावरून डोलत चालले होते. ईरम्माने दोन्ही हात जोडले आणि लगेच टीव्हीची मूठ धरायला पुढे आली.

"हात मागं," दाक्षायणी म्हणाली. "अजून झालं न्हाई."

"चालू झाला की ओ!"

"चालू झाला. दुरुस्त व्हायचाय."

झाकण बसवून तिने मीटर घेतला. प्लग सरळ होता. अँटेनाची दांडी, स्क्रू, भोक, सगळीकडे वायर टेकवली. काटा जागचा हलला नाही. ईरम्मा पुन्हा उठली. दाक्षायणीने तिच्याकडे न बघता प्लग काढला, उलटा केला, घातला आणि वायर अँटेनाच्या दांडीला टेकवली.

काटा पतंगासारखा वर गेला.

दाक्षायणीने बटण बंद केलं. मी तिला इतकी वर्षं बघते आहे, अशा वेळी तिचा चेहरा चिडका होत नाही, उलट आवडती भाजी वाढल्यासारखा होतो. "सापडलास," ती टीव्हीला म्हणाली आणि स्क्रू पुन्हा काढायला लागली.

ईरम्माचा धीर मात्र सुटला. "अवो ताई, मिरवणूक देवळापाशी पोचायला आली! मामा तिकडं भिंतीकडं तोंड करून पडल्यात. गेल्या साली चुकलं, आता ह्या सालीबी तुमच्यामुळं चुकलं तर मला जन्मभर ऐकवतील. उलटा लावायचाच कशाला पण? आम्ही सरळ लावू की!"

"तुमच्यात प्लग कोण लावतं?"

"जो उठंल त्यो."

"अंधारात?"

"बटण दाबायच्या आधी उजेड कुठला आणू?"

"मग सरळ कसं कळणार?"

"मावशी, तुम्ही तरी सांगा की हिला," ईरम्मा माझ्याकडे वळली. "प्लगवर एका बाजूला टिकली लावा. टिकली वर, झालं."

मला ती युक्ती चांगली वाटली आणि मी तसं म्हणालेही. दाक्षायणी म्हणाली, "टिकली दुपारी पडंल, मावशी. आणि भिंतीतला बोर्डच कुणी उलटा जोडला असंल तर? टिकली बोर्डाला बी लावायची? मग घरभर टिकल्या." एवढं बोलून तिने झाकण उचललं आणि अँटेनाची दांडी जिथे आत बसते तिथे विजेरीचा उजेड टाकला.

तिने तो सावकाश सगळीकडे फिरवला. मग अगदी गोड आवाजात विचारलं, "ईरम्मावहिनी, ह्या टीव्हीला तुम्ही भस्म लावता?"

"लावतो की. रोज. मामांचं अंग पुसून झालं की आधी त्यांच्या कपाळाला, मग टीव्हीला. ओलं भस्म, तीन पट्टे. देव दिसतो न्हवं त्यात."

"कुठं लावता?"

"वर. दांडीच्या बुडाशी. काचेवर लावलं तर चित्र दिसत न्हाई की."

दाक्षायणीने टीव्ही आमच्याकडे वळवला. दांडीच्या बुडाशी टीव्हीला हवा जायला फटी होत्या. त्यांतून वर्षभराचं भस्म ओघळून आत उतरलं होतं, थरावर थर, चुना दिलेल्या भिंतीसारखं. त्यात हळदकुंकू, दोन तांदळाचे दाणे आणि खंडेनवमीच्या पूजेची एक वाळलेली झेंडूची पाकळी.

"टीव्ही हाय की गाभारा?" दाक्षायणी म्हणाली. "इथं दांडीत आणि आतल्या भागात मुद्दाम अंतर ठेवलेलं असतं, आतली लाईन दांडीत येऊ नये म्हणून. त्या अंतरावर तुम्ही पूल बांधलाय."

"भस्माला काय हुतंय? भस्म चांगलं असतं."

"कपाळावर चांगलं. ओलं करून मशिनीत घातलं की करंटला रस्ता. प्लग सरळ असला तर काही न्हाई. उलटा असला की करंट दांडीत."

ईरम्माने वाकून आतला थर बघितला. मग म्हणाली, "ताई, एक सांगू? मामा आरती झाली की दांडीला हात लावून नमस्कार करत्यात. म्हणत्यात, देव हातात येतो. झिणझिण हुतं. पण काही दिवशी येतो, काही दिवशी न्हाई. ज्या दिवशी येत न्हाई त्या दिवशी मला बोलत्यात, अंघोळीच्या आधी चहा पिलीस म्हणून."

दाक्षायणी हसायला लागली. मीही हसले. ईरम्माला राग यावा की हसू हे कळेना, आणि शेवटी तीच आमच्याहून मोठ्यांदा हसली. "म्हणजे वर्षभर मी उगाच बिनचहाची!"

मग दाक्षायणीचं हसू एकदम थांबलं. "खाट लोखंडाची ना?"

"व्हय."

"फरशी?"

"रोज पुसते की. ओलीच असती आरतीच्या टायमाला."

दाक्षायणीने स्टूल ओढून घेतलं आणि बसली. काही क्षण तिने नुसता टीव्हीवर हात ठेवला. ओली फरशी, लोखंडी खाट, म्हातारा माणूस आणि दांडीवरचा ओला हात. आजवर झिणझिण्यांवर भागलं होतं. भस्माचा आणखी एक थर आणि एखादी जास्त ओली सकाळ, की भागलं नसतं. हे आम्हालाही समजलं. ईरम्मा पुन्हा बाकावर जाऊन बसली आणि म्हणाली, "सावकाश करा, ताई. मामा रागावले तर रागावू देत."

आणि मग मी माझ्या डोळ्यांसमोर दाक्षायणीचे हात चालताना पाहिले. स्पिरिटात बुडवलेला बारीक कुंचला, मऊ फडकं, पुन्हा कुंचला. तिने एकेक थर खरवडून काढला, ती राख टाकून न देता एका कागदात पुडी बांधून ईरम्माच्या हातात दिली ("देवाची हाय, तुळशीत घाला"), शंका आलेला एक छोटा भाग बदलून टाकला, फटींच्या आत जाळीचा तुकडा चिकटवला. झाकण बसवलं. प्लग सरळ: काटा थंड. प्लग उलटा: काटा थंड. पुन्हा सरळ. पुन्हा उलटा.

"आता पळा," ती म्हणाली आणि टीव्ही स्वतःच खांद्यावर घेतला.

रिक्षा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मिरवणूक पुढे गेली होती तरी मागे राहिलेली माणसं पांढऱ्या कपड्यांत देवळाकडे लोटली होती आणि कसबा उलट्या दिशेला. रस्त्यावर रांगोळ्यांचे गालिचे. पुढे दाक्षायणी खांद्यावर टीव्ही घेऊन, अँटेनाची दांडी पूर्ण वर ओढलेली, कारण आत ढकलली की ती अडकते. मागे ईरम्मा मीटरची पिशवी घेऊन. तिच्या मागे मी, माझी काठी आणि मला कोणी बोलावलेलं नसताना निघालेले माझे पाय.

चौकात गर्दी फुटेना. तेव्हा रसवंतीच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं, "सरका, सरका! आठवा नंदीध्वज आला!"

एकच हशा झाला आणि खरोखर रस्ता झाला. "एकदा भक्तलिंग हर्र!" कुणीतरी आरोळी दिली. आजूबाजूच्या दहा-वीस जणांनी "बोला हर्र!" म्हटलं. दाक्षायणी इतकी खूष झाली की तिने काठी तोलणाऱ्याच्या थाटात टीव्ही दोनदा उंच केला. "सांभाळ गं, काचेचाय!" ईरम्मा मागून ओरडली.

घरात शिरलो तर आतून ईश्वरप्पांचा आवाज. कानडीतच सुरू होते ते, रागात त्यांना मराठी पुरत नाही. "आयतेन? आयतेन?" म्हणजे झालं का, झालं का.

"आयतु, काका, आयतु!" दाक्षायणीने टीव्ही खाटेशेजारच्या टेबलावर ठेवला आणि बॉक्सची वायर जोडली. ईश्वरप्पांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. अंगावर स्वच्छ धुतलेली बाराबंदी होती. अंथरुणातल्या अंथरुणात त्यांनी ती घालून घेतली होती, आणि उशीपाशी वाटीत अक्षता.

"लाव, लाव. सम्मती वाचायला लागले असतील."

"एक मिनिट. इथल्या बोर्डावर बघू द्या."

"दुकानात बघितलं न्हाईस?"

"दुकानात दुकानाचा बोर्ड. इथं तुमचा." अर्थिंगसाठी अंगणातल्या बोअरच्या लोखंडी पाइपाला तिने लांब वायर अडकवली आणि खोलीत ओढून आणली. प्लग सरळ. प्लग उलटा.

"तू लहान असताना तुझ्या बापाला मी सांगितलं होतं," ईश्वरप्पा मला ऐकू जाईल असं तिला म्हणाले, "की पोरीला शाळेत घाल, स्क्रू ड्रायव्हर देऊ नको. बघा वकिलीणबाई, आता देवाचं लग्न थांबवून प्लग फिरवतीय."

"देव थांबतो, काका. करंट थांबत न्हाई."

आणि तिथे ईरम्माच्या तोंडून निसटलं. "मामा, तुमच्या हातात यायचा त्यो देव न्हवता. करंट हुता. भस्मातून."

पडद्यावर सम्मती कट्ट्यापाशी गोळा झालेली गर्दी दिसत होती. आवाज अजून लावलेला नव्हता. ईश्वरप्पांनी सुनेकडे बघितलं, मग दाक्षायणीकडे.

"कोण म्हणतं?"

"मीटर म्हणतो," दाक्षायणी म्हणाली. ती खाटेजवळ खाली बसली. "काका, प्लग उलटा असला की यायचा, सरळ असला की न्हाई. तुमच्या ह्या सुनेनं चहा पिऊ दे न्हाई तर उपाशी राहू दे, त्याचा काही संबंध न्हाई."

"म्हणजे मी वर्षभर वीज कंपनीला नमस्कार केला?"

मला हसू आवरेना. मी पदर तोंडावर धरला. पण त्यांचा चेहरा बघून हसू विरलं. ज्या माणसाने आयुष्यभर देवाची काठी कमरेवर तोलली त्याला खाटेवर पडल्यावर बोटांतून मिळणारी तेवढीच भेट उरली होती, आणि ती आम्ही स्पिरिटाने पुसून आलो होतो. दाक्षायणीच्याही ते लक्षात आलं असावं. तिने टीव्हीचा आवाज मोठा केला.

सम्मतीचं वाचन शेवटाला आलं होतं. ईश्वरप्पांनी वाटीतल्या अक्षता मुठीत घेतल्या. दुसरा हात, सवयीने, सावकाश दांडीकडे गेला. ईरम्माने माझा दंड घट्ट धरला. त्यांची बोटं दांडीवर टेकली आणि तिथेच राहिली. ते वाट बघत होते. काही येत नव्हतं, हे त्यांच्या कपाळावरून दिसत होतं.

तेवढ्यात पडद्यावर हर्रचा गजर उठला, हजारो हात वर गेले आणि अक्षतांचा पाऊस पडला. सातही नंदीध्वज एका जागी उभे होते. कॅमेरा एका काठीवरून वरून खाली उतरला, आणि खाली पट्टा बांधून ती तोलणारा त्यांचा मुलगा सोमलिंग दिसला. घामाने चिंब, डोळे मिटलेले, पाय रोवलेले.

"पाय बघ!" ईश्वरप्पा ओरडले. "पाय बघ त्याचे! मी सांगितलं होतं तस्सेच!" त्यांच्या हातातल्या अक्षता उडाल्या. त्या सगळ्या टीव्हीच्या दिशेने आल्या, पण दाक्षायणी त्यांच्याहून चपळ. तिने पदर पसरून टीव्हीच्या फटी झाकल्या आणि सगळं देवाचं लग्न तिच्या पदरात पडलं.

"आत तांदूळ नको!" ती म्हणाली आणि ईश्वरप्पाही त्याच क्षणी ओरडले, "आत जातील गं, झाक, झाक!"

मग त्यांनी दांडीवरचा हात आमच्यापुढे धरला. हातावरचे पांढरे केस काट्यासारखे उभे होते.

"बघा. आला की न्हाई? प्लग कुठल्या बाजूनं हाय?"

"कुठल्याबी बाजूनं असू दे, काका," दाक्षायणी म्हणाली. "दोन्हीकडनं बघितलाय."

"मग हा माझा हाय. तुझ्या कंपनीचा न्हाई." आणि ते इतके हसले की खाट करकरली. ईरम्मा मागच्या मागे स्वयंपाकघरात गेली. येताना चार कप चहा घेऊन आली, त्यातला पहिला तिने उभ्या उभ्याच, सासऱ्यांच्या देखत, पिऊन टाकला. त्यांनी आपल्या कपासाठी हात पुढे केला.

निघताना ईश्वरप्पांनी दाक्षायणीला थांबवलं. भस्माचा डबा उशाशीच होता. त्यांनी बोटं ओली केली, भस्मात बुडवली आणि सवयीने टीव्हीकडे वळले, मग मधेच थांबले. "टीव्हीला लावायचं न्हाई म्हणतीस. आता ओलं केलंय, टाकू कुठं? ये हिकडं."

दाक्षायणी वाकली. त्यांनी तिच्या कपाळावर ठळक तीन पट्टे ओढले. ती तशीच, भस्म लावलेली, कानामागे टेस्टर आणि पदरात अक्षता घेऊन माझ्याबरोबर बाळीवेशीपर्यंत चालत आली. रस्त्यात ओळखीची माणसं विचारत होती, देवळात गेला होता का. ती म्हणायची, "न्हाई. कामावर होते."

संध्याकाळी डायरीच्या पानावर खाली थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं: भोगीची भाजी उरली, उद्या थालीपिठात घालणे. अर्थिंगला पाणी घातले.